पद्मिनीला पॉवर स्टीअरिंग लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९७८ सालची प्रीमिअर पद्मिनी आहे. माझे वय बासष्ट असून उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आहे. रस्त्यावर गाडी चालवताना अडचण येत नाही, पण सोसायटीच्या आवारात ती वळवून लावताना हात भरून येतो. ओळखीचा गॅरेजवाला भंगार बाजारातून मारुती अल्टोचा इलेक्ट्रिक स्टीअरिंग कॉलम आणून दोन दिवसांत बसवून देतो म्हणतो. हे सुरक्षित आहे का?"

काम होण्याजोगे आहे आणि नीट केले तर सुरक्षितही आहे. मात्र ते दोन दिवसांत होत नाही आणि त्याची सुरुवात अल्टोच्या कॉलमपासून होत नाही. कॉलम म्हणजे स्टीअरिंगच्या चाकाचा शाफ्ट धरणारी नळी. इलेक्ट्रिक कॉलमची मोटर चालकाच्या हातांजवळ, डॅशबोर्डखाली बसते. तिने दिलेला सगळा जोर तिथून खाली जुन्या शाफ्टमधून स्टीअरिंग बॉक्समध्ये, तिथून ड्रॉप आर्म, टाय रॉड, आयडलर आर्म आणि स्टब एक्सल या दांड्या-सांध्यांतून प्रवास करत चाकापर्यंत पोहोचतो. हे सगळे भाग माणसाच्या दोन हातांचा जोर गृहीत धरून बनवले होते. त्यात तेवढ्याच किंवा त्याहून अधिक जोराची भर पडणार असेल, तर आधी ते भाग धडधाकट आहेत का हे पाहावे लागते. शिवाय एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. मॅन्युअल, म्हणजे पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीत स्टीअरिंग जड होणे ही गाडीची तक्रार असते, आणि मोटर लावल्यावर ती तक्रार हातापर्यंत पोहोचेनाशी होते. दोष मात्र जागच्या जागी राहतो.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की पद्मिनी मुळात इतकी जड का झाली आहे याचा आधी शोध घ्यावा. ही गाडी जेमतेम नऊशे किलो वजनाची, १०८९ सीसी इंजिनाची आहे. तिचे मूळचे टायर ५.२०-१४ या आकाराचे, म्हणजे आजच्या मानाने चिंचोळे होते, आणि स्टीअरिंगचे चाक चांगले मोठे होते. मुंबईतले टॅक्सीचालक हीच गाडी रोज दहा-बारा तास चालवत आणि क्रॉफर्ड मार्केटच्या गर्दीत एका दमात वळवत. ऑक्टोबर २०२३मध्ये पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीताफ्यातून गेली, तोवर हे चालू होते. त्यांचे दंड काही लोखंडाचे नव्हते. त्यांच्या किंगपिनमध्ये, म्हणजे पुढचे चाक ज्या खिळीभोवती वळते तिच्यात, वेळेवर ग्रीस जात होते, एवढाच फरक होता.

पाहणीची पद्धत सोपी आहे. पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलून, खाली भक्कम स्टँड लावून, स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका बोटाने फिरवून पाहावे. चाके हवेत असतानाही ते अडखळत असेल किंवा एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागत असेल, तर दोष स्टीअरिंगच्या भागांतच आहे. त्यानंतर स्टीअरिंग बॉक्सपासून ड्रॉप आर्म सोडवून तीच तपासणी पुन्हा करावी. आता हलके झाले तर दोष खाली किंगपिन, आयडलर आर्म किंवा टाय रॉड एन्डमध्ये आहे. तरीही जड राहिले तर बॉक्समध्ये किंवा कॉलमच्या बुशमध्ये आहे. बॉक्सच्या ऑइल सीलमधून तेल गळू लागले की अनेक ठिकाणी ९० नंबरच्या तेलाऐवजी त्यात ग्रीस ठासून भरतात. वर्म, म्हणजे बॉक्समधला पेचदार गिअर, फिरताना ते ग्रीस बाजूला सारतो, ते परत जागेवर येत नाही, आणि मग दात कोरडे घासत राहतात. प्ले, म्हणजे स्टीअरिंगची मोकळी हालचाल, कमी करण्यासाठी वरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळलेला असेल तर मधली जागा झिजलेली आणि कडेची जागा घट्ट असा प्रकार होतो. अशा बॉक्सवर मोटर लावली की ती घट्टपणावर मात करते आणि उरलेले दात खाऊन टाकते.

किंगपिनच्या ग्रीस निप्पलमध्ये गन लावल्यावर जुने काळे ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर आलेच पाहिजे. ते येत नसेल तर वाट बुजली आहे, आणि वरवर दिसणारे ग्रीस केवळ शोभेचे आहे. या कामाच्या वेळी गाडीचे वजन किंगपिनवर नसावे, नाहीतर ग्रीस जिथे हवे तिथे शिरतच नाही. टायर मूळ आकारापेक्षा रुंद घेतले असतील, ॲलॉय व्हील बाहेर काढून लावले असतील किंवा हवा पाच-सहा पीएसआयने कमी असेल, तर जागेवर वळवताना लागणारा जोर डोळ्यांत भरण्याइतका वाढतो. छोटे 'स्पोर्टी' स्टीअरिंग बसवले असेल तर ते आधी काढावे, कारण चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या चाकाऐवजी तेहतीसचे लावले तर तेच काम करायला हाताला सव्वापटीच्या आसपास जोर लावावा लागतो.

वजनकाट्याचा साधा हूक स्टीअरिंगच्या कडेला अडकवून, गुळगुळीत फरशीवर, उभ्या गाडीत किती किलोचा ओढा लागतो हे मोजून लिहून ठेवावे. चाळीस सेंटिमीटरच्या चाकावर दहा किलोचा ओढा म्हणजे सुमारे वीस न्यूटन-मीटर. सर्व दुरुस्ती झाल्यावर पुन्हा मोजावे. माझ्याकडे पॉवर स्टीअरिंगसाठी आलेल्या गाड्यांपैकी काहींच्या मालकांनी या टप्प्यावर बेत रद्द केला. आपल्या खांद्याची अवस्था पाहता आपण कदाचित तसे करणार नाही, पण तरीही हे आकडे पुढे उपयोगी पडतील.

आता पद्धतीची निवड. तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टीअरिंग जुने आणि भरवशाचे तंत्र आहे. १९५१मध्ये क्रायस्लरने ते विक्रीच्या मोटारीत आणले. त्याचा सिलिंडर थेट जोडणीवर लावला तर जुन्या बॉक्सवर ताण येत नाही, हा त्याचा खरा फायदा आहे. पण पद्मिनीच्या इंजिनाला पंप, त्याची पुली, पट्ट्याची समांतर रेघ, तेलाची टाकी आणि उच्च दाबाच्या नळ्या यांना जागा करून द्यावी लागते. चाळीसेक अश्वशक्तीच्या इंजिनातून आयडलिंगला पंप ओढला की ते गळाठते. जीप किंवा मोठ्या अमेरिकन गाडीसाठी मी हाच मार्ग सुचवीन. पद्मिनीसाठी इलेक्ट्रिक कॉलमच योग्य आहे. हे तंत्र सुझुकीच्याच सर्व्हो या छोट्या गाडीत १९८८मध्ये प्रथम आले आणि ते मुळातच हलक्या गाड्यांसाठी होते, त्यामुळे अल्टो किंवा वॅगन-आरच्या कॉलमची ताकद पद्मिनीच्या वजनाला मानवते. आपल्या गॅरेजवाल्याची निवड चुकीची नाही. त्याचा वेळेचा अंदाज चुकीचा आहे.

निवडताना एवढे पाहावे की कॉलम, मोटर, ईसीयू (मोटरने किती मदत द्यायची हे ठरवणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) आणि वायरिंगचा झुबका एकाच गाडीतून, कनेक्टरसकट निघालेला असावा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर हे सगळे सुटे-सुटे मिळते आणि तिथेच घात होतो. हाताचा पीळ मोजणारा टॉर्क सेन्सर आणि ईसीयू यांची जोडी जुळलेली असते. दुसऱ्याच गाडीचा ईसीयू लावला तर शून्याची जागा सरकू शकते, आणि मग हात सोडल्यावर गाडी आपण होऊन एका बाजूला ओढते. अपघातात सापडलेल्या गाडीचा कॉलम मुळीच घेऊ नये, कारण त्याचा धडकेत दबणारा भाग एकदा दबलेला असू शकतो आणि ते बाहेरून दिसत नाही. ज्या ईसीयूला वेगाचा संकेत साध्या विद्युत स्पंदांनी मिळतो असा जुन्या पिढीचा संच निवडावा. नव्या गाड्यांचे ईसीयू इंजिनाशी डिजिटल भाषेत बोलतात आणि पद्मिनीचे इंजिन त्या भाषेत काही उत्तर देत नाही.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. पद्मिनीचा गिअर स्टीअरिंगवर आहे, म्हणजे गिअरचा दांडा कॉलमच्या नळीला धरून खाली उतरतो आणि तिथून लिंकेजने गिअरबॉक्सपर्यंत जातो. अल्टोच्या कॉलमवर त्याला आधार देणारे काहीच नाही. गाडी खाली ठेवून नुसता कॉलम बदलणारा कारागीर या जागी येऊन अडतो, आणि मग गिअरच्या दांड्यासाठी पत्र्याची एखादी पट्टी वाकवून वेल्ड करतो. ही पट्टी डुगडुगली की तिसरा गिअर टाकताना दांडा स्टीअरिंगला घासतो. म्हणून आधी मूळ कॉलम जागेवर असताना गिअरच्या दांड्याचे वरचे आणि खालचे आधार, स्टीअरिंगच्या चाकाची उंची आणि कोन मोजून घ्यावा, आणि मूळ कॉलम कापू नये. तो तेलाचा हात फिरवून माळ्यावर ठेवावा. गाडी पुन्हा पूर्ववत करता आली पाहिजे, असे मी कायदा आणि किंमत या दोन्ही कारणांनी म्हणतो.

इलेक्ट्रिक कॉलमच्या खालच्या टोकापासून स्टीअरिंग बॉक्सपर्यंतचा शाफ्ट नवा बनवावा लागतो. दोन शाफ्ट टोकाला टोक लावून वेल्ड केलेले मी पाहिले आहेत. एका गाडीत तर वेल्डवर काळा रंग इतका सुबक मारला होता की सांधा बोटाला लागेपर्यंत कळला नाही. तो लेथवर धरून पिळला तेव्हा वेल्डच्या कडेने सरळ रेघेत तुटला. ती गाडी तोवर कुटुंबाला घेऊन महाबळेश्वरला जाऊन आली होती. स्टीअरिंगच्या शाफ्टवर असा सांधा चालत नाही. दोन्ही टोकांना मूळ स्प्लाइनशी जुळणारे दात कापलेला, योग्य पोलादाचा एकसंध शाफ्ट चांगल्या मशीन शॉपमध्ये बनवून घ्यावा, आणि युनिव्हर्सल जॉइंटचा बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून आडवा जाईल अशी रचना करावी, म्हणजे बोल्ट सैल झाला तरी जॉइंट निसटत नाही. पुणे, कोल्हापूर, नाशिक इथे हे काम करणारे टर्नर आजही आहेत. त्यांना गाडीचे नव्हे, शाफ्टचे ड्रॉइंग द्यावे.

युनिव्हर्सल जॉइंट दोन असावेत, दोघांचे कोन शक्यतो सारखे असावेत आणि त्यांचे दुपाखी भाग एकाच पातळीत असावेत. तीस अंशांच्या कोनात एकच जॉइंट बसवला तर स्टीअरिंग एकसारखे फिरवले तरी खालचा शाफ्ट एका फेरीत सुमारे ०.८७ ते १.१५ पट अशा कमी-जास्त वेगाने फिरतो. हाताला ते दर अर्ध्या फेरीला जड-हलके असे जाणवते, आणि लोक त्याचा दोष मोटरला देतात. या दोन जॉइंटमुळे एक मोठा लाभही पदरात पडतो. पद्मिनीचा मूळ शाफ्ट सरळ आणि न दबणारा आहे. समोरून धडक बसली तर तो भाल्यासारखा चालकाच्या छातीकडे येतो. मधे कोन आला आणि दबणारा कॉलम आला की तो धोका बराच कमी होतो. या एका कारणासाठीही मी हे काम योग्य समजतो.

मोटर शाफ्टला ज्या जोराने फिरवते, त्याच जोराने तिचे घर उलट दिशेने फिरू पाहते. मूळ कॉलमवर असा जोर कधी येतच नव्हता, त्यामुळे डॅशबोर्डखालच्या पातळ पत्र्याला दोन बोल्ट मारून भागत होते. आता तसे केले तर उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना डॅशबोर्डच पीळ खाताना दिसेल. चार-पाच मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा ब्रॅकेट फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) आणि डॅशबोर्डच्या आडव्या पट्टीला असा दोन्हीकडे बांधावा, फायरवॉलच्या मागे पत्र्याची दुहेरी पाठ द्यावी, बोल्ट ८.८ दर्जाचे आणि नट नायलॉक, म्हणजे आपोआप सैल न होणारे, असावेत. ईसीयू शक्य तितका वर, कनेक्टर खाली तोंड करून बसवावा. पद्मिनीच्या काचेच्या रबरातून पावसाळ्यात पाणी डॅशबोर्डखाली उतरते हे मालकाला सांगायला नको, आणि केबिनमधल्या कॉलमची मोटर व ईसीयू पाण्यासाठी बनवलेले नसतात.

विजेची बाजू अनेकजण शेवटी पाहतात. जागेवर पूर्ण वळण घेऊन धरले तर अशी मोटर काही क्षण तीस ते पन्नास अँपिअर ओढू शकते. जुन्या डायनामोची पूर्ण क्षमताच याहून कमी असते आणि आयडलिंगला तर तो जवळजवळ काहीच देत नाही. चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो तो त्यामुळेच. आपल्याला मदत नेमकी आयडलिंगला, पार्किंग करतानाच हवी आहे. सगळा भार बॅटरीवर पडला, हेडलाइट आणि वायपर चालू असले आणि व्होल्टेज मर्यादेखाली गेले, की ईसीयू मदत तोडतो. ती वळणाच्या मध्यावर, एकदम तुटते. म्हणून गाडीत अजून डायनामो असेल तर आधी निदान पंचावन्न-साठ अँपिअरचा अल्टरनेटर बसवावा. मोटरसाठी बॅटरीपासून स्वतंत्र जाड तांब्याची केबल न्यावी, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत मूळ गाडीत होता तितक्याच अँपिअरचा फ्यूज लावावा, फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट घालावा, आणि अर्थिंगची केबलही तितकीच जाड घेऊन थेट बॅटरीला न्यावी. गंजलेल्या बॉडीवर अर्थसाठी विसंबू नये. हेच काम कुणी ब्रिटिश वंशाच्या जुन्या गाडीवर करणार असेल तर तिची वायरिंग पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेली, नाही ना, हे आधी पाहावे, नाहीतर ईसीयू पहिल्याच जोडणीत संपतो.

वेगाच्या संकेताबद्दल माझी स्वतःची एक चूक सांगतो. इलेक्ट्रिक स्टीअरिंग हळू वेगात अधिक मदत करते आणि वेग वाढला की मदत कमी करते. संकेतच मिळाला नाही तर बरेच ईसीयू एक ठरावीक मदत देत राहतात. ऐंशीच्या वेगाला ती मदत नको इतकी हलकी वाटू शकते. एका गाडीत मी उपग्रहावरून वेग मोजणारे छोटे यंत्र लावले होते आणि शहरात ते उत्तम चालत होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताणच्या बोगद्यात शिरल्यावर संकेत तुटला आणि मधल्या लेनमध्ये स्टीअरिंग हातात लोण्यासारखे मऊ झाले. गाडी मी चालवत होतो म्हणून निभावले. त्यानंतर मी स्पीडोमीटरच्या केबलवर बसणारा, प्रत्येक फेरीला स्पंद देणारा सेन्सरच वापरतो, आणि एका किलोमीटरला किती स्पंद हवेत ते मूळ गाडीच्या आकड्याशी जुळवून घेतो. मदत कमी-जास्त करण्यासाठी डॅशबोर्डवर बटण बसवून देणारेही आहेत. ते बटण चालत्या गाडीत कुणीतरी फिरवतेच, म्हणून ते नको. वेगाचा संकेत तुटल्यास मदत कमीच राहावी, अशी सोय मिळत असेल तर ती घ्यावी.

सगळे बसल्यावर व्हील अलाइनमेंट करताना कास्टर कोनाकडे, म्हणजे किंगपिन मागे किती झुकलेली आहे त्याकडे, लक्ष द्यावे. मॅन्युअल गाडीत हात हलका राहावा म्हणून तो कमी ठेवण्याकडे कल असतो. मोटरच्या गिअरचे थोडे घर्षण आता वाढले आहे, त्यामुळे वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप मध्यावर येण्याची ओढ कमी होते. कास्टर गाडीच्या पुस्तिकेतल्या मर्यादेच्या वरच्या टोकाकडे ठेवला तर ती परत येते, आणि वाढलेले ओझे मोटर उचलते.

चाचणी रस्त्यावर नव्हे, रिकाम्या मैदानात करावी. पहिली फेरी फ्यूज काढून घ्यावी. मोटर बंद असताना स्टीअरिंग पूर्वी लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा थोडेच जड असले पाहिजे. फारच जड असेल तर जॉइंट किंवा ब्रॅकेटचा कोन चुकला आहे. नंतर फ्यूज घालून, दहा किलोमीटरच्या वेगाने वळण घेत असताना सहकाऱ्याकडून फ्यूज ओढून काढावा, म्हणजे मदत अचानक गेल्यावर गाडी कशी वागते हे आपल्या खांद्याला कळेल. ही चाचणी आपण स्वतःच करावी, कारण मेकॅनिकच्या दंडाचा निष्कर्ष आपल्या उपयोगाचा नाही. चाके जॅकवर असताना आणि सस्पेन्शन पूर्ण दाबलेले असताना, दोन्ही स्थितींत टोकापासून टोकापर्यंत फिरवून ब्रेकचा होज, टायर आणि गिअरचा दांडा कुठे घासत नाही ना, ते पाहावे. वळण टोकाला लावून धरण्याची सवय मात्र सोडावी लागेल. तिथे मोटर तापते आणि जुना बॉक्स नाहक भरडला जातो.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि निर्मात्याचा मूळ तपशील यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. आपली गाडी २०२८मध्ये पन्नास वर्षांची होईल. २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणीसाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल झालेला चालत नाही. तो विचार मनात असेल तर ब्रॅकेट वेल्ड न करता फक्त बोल्टने बांधावा आणि माळ्यावरचा कॉलम कुणाला देऊन टाकू नये.

आता गॅरेजवाल्याशी बोलताना त्याला शाफ्टचा सांधा कसा करणार, ब्रॅकेट कुठे बांधणार आणि वेगाचा संकेत कुठून घेणार, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींपैकी एकाचेही उत्तर "बघू, बसेल" असे आले तर गाडी परत आणावी. काम झाल्यावर प्रत्येक जॉइंटच्या बोल्टवर आणि नटवर पिवळ्या रंगाची एक आडवी रेघ ओढून घ्यावी. पाचशे किलोमीटरनंतर टॉर्च घेऊन खाली वाकावे. रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट सरकला आहे, आणि तो आवळून होईपर्यंत गाडी आवाराबाहेर काढू नये.